रहस्यपटाचा प्रारंभ

विद्यार्थी लघु रहस्यपटाचा प्रारंभ योजू लागला, की त्याला प्रथम सुरा आणि किंकाळी सुचते. वस्तुतः काय दाखवावयाचे नाही, हाच त्याचा पहिला विचार असावयास हवा. फ्रिट्झ लांग यांच्या ‘एम’ (१९३१) या जर्मन चित्रपटात आई मुलीसाठी ताट मांडून वाट पाहते. पुढे दिसतात ते घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. खून घडतो तो प्रेक्षकाच्या मनात!

काय आधी सांगावे, हा दुसरा विचार. आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९६२ साली फ्रान्स्वा त्रुफो यांना सांगितले, की मेजाखालचा बॉम्ब अकस्मात फुटल्यास धक्का पंधरा सेकंदांचा. तो तेथे आहे हे प्रेक्षकास ठाऊक असल्यास उत्कंठा पंधरा मिनिटांची.

‘शेरनी’चे (२०२१) चित्रीकरण बालाघाटच्या अरण्यात झाले, तेव्हा येथील विद्यार्थ्यास स्थळांची वाण नाही. वाण आहे ती डोळस पाहण्याची. एकच प्रारंभ त्याने दोनदा पाहावा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून, आणि प्रत्येक दृश्य काय सांगते व काय लपविते ते टिपावे. निबंधलेखनातही आपण शिक्षक हाच विवेक शिकवीत असतो. म्हणून हा छंद अभ्यासाचा शत्रू मानू नये.