हरभऱ्याच्या मुळावरील गाठी

चिमूरकडे धान निघाले की त्याच बांधीत पुष्कळजण हरभरा पेरतात. पेरणीनंतर दीड महिन्याने एक झाड अलगद खणा. मुळांवरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी असेल तर रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र झाडाला देत आहेत. युरियावर पैसे घालू नका. हिरवट निघाली तर काम बंद पडले समजा. धानात पाणी साचून हे जिवाणू घटतात. म्हणून पेरणीआधी १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम जिवाणू संवर्धन गुळाच्या पाण्यातून चोळा. पाणी पुरते थंड हवे (घाई इथेच नडते!). बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरा. पाकीट हरभऱ्याचेच घ्या, सोयाबीनचे चालत नाही. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी.