जखमेचा हिशेब आणि सहा महिन्यांची मुदत

रस्त्यावरील अपघाताची बातमी वर्तमानपत्रात बहुधा चार ओळींत आटोपते. मृतांची संख्या मथळ्यात जाते. ‘अन्य तिघे गंभीर जखमी’ हे शब्द शेवटच्या वाक्यात येतात आणि त्या तिघांचे पुढे काय झाले, हे वाचकाला कधीच कळत नाही. वास्तविक, त्यांची कहाणी बातमी संपते तेथून सुरू होते. शस्त्रक्रिया, पायात घातलेली सळई, बिनपगारी रजा, पतपेढीचे कर्ज, गहाण पडलेले दागिने आणि बऱ्याच दिवसांनी भेटीला आलेल्या कोणा नातेवाइकाने सहज विचारलेला प्रश्न : दावा लावला की नाही? हा प्रश्न विचारला जाईपर्यंत कायद्याने नेमून दिलेला अवधी पुष्कळदा सरत आलेला असतो.

हा अवधी सहा महिन्यांचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने तो घालण्यात आला आणि १ एप्रिल २०२२ पासून तो अंमलात आला. या मुदतीचा पूर्वेतिहास उद्बोधक आहे. १९३९ च्या कायद्याखालीही अखेरच्या काळात सहा महिन्यांचीच मुदत होती; परंतु सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला होता. १९८८ च्या कायद्याने तो अधिकार आखडला आणि बारा महिने उलटल्यावर माफीचा मार्ग बंद केला. सहा वर्षांत या तरतुदीचे दुष्परिणाम ध्यानात आले व १९९४ मध्ये संसदेने मुदतच काढून टाकली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बदलाचा लाभ तोपर्यंत निकालात न निघालेल्या प्रकरणांनाही दिला. त्यानंतर सुमारे सत्तावीस वर्षे जखमी माणसाच्या दारात कॅलेंडर घेऊन कोणी उभे राहिले नाही. आता ते पुन्हा टांगले गेले आहे आणि या वेळी विलंब माफ करण्याचे कलमही सोबत नाही.

मुदतीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या अपघाताचा दावा आला तर साक्षीदार मिळत नाहीत, वाहन दुसऱ्याच्या नावावर गेलेले असते, विमा कंपनीला खरेखोटे पारखता येत नाही. बनावट वाहने आणि बनावट चालक उभे करून लावलेल्या दाव्यांची प्रकरणे न्यायालयांपुढे आलेली आहेत, हेही खरे. तथापि बनावट दावा करणाऱ्याला मुदत पाळणे मुळीच कठीण जात नाही. त्याचे हातपाय शाबूत असतात आणि त्याचा वकील आधीच ठरलेला असतो. मुदत चुकते ती मांडीचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या माणसाची. त्याच्या बायकोची पहिली धडपड इस्पितळाचे बिल भागविण्याची असते. न्यायाधिकरण कोठे बसते हे शोधण्याची नव्हे.

वैद्यकशास्त्राचीही येथे अडचण आहे. मोडलेला पाय किती वाकेल, चिरडलेल्या हाताच्या बोटांत किती बळ येईल, हे उपचार संपून प्रकृती स्थिरावल्याखेरीज कोणताही प्रामाणिक डॉक्टर सांगू शकत नाही. अपंगत्वाचे प्रमाणपत्र म्हणूनच उशिरा मिळते. या प्रमाणपत्राची वाट पाहत थांबणे ही सुशिक्षित कुटुंबांतही होणारी चूक आहे. दावा दाखल करण्यास प्रमाणपत्र लागत नाही. ते नंतर पुराव्यात देता येते. दावा अपघात झाला त्या ठिकाणीच लावावा लागतो, हाही एक गैरसमज. जखमी जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील न्यायाधिकरणाकडेही तो जाऊ शकतो. व्याज साधारणतः अर्जाच्या तारखेपासून मोजले जात असल्यामुळे रेंगाळण्याने मुदतीखेरीज पैसाही जातो.

संसदेने मुदत घालताना तिच्या जोडीला एक उपायही दिला होता आणि तो कागदावर उत्तम आहे. अपघाताची माहिती गोळा करून तीन महिन्यांच्या आत न्यायाधिकरणाकडे व विमा कंपनीकडे पाठविणे हे पोलिसांचे कर्तव्य ठरविण्यात आले. पोलिसांचा हा अहवालच भरपाईचा अर्ज समजला जाऊ शकतो. २०२२ च्या नियमांनी त्याचे वेळापत्रकही आखले : पहिला अहवाल अठ्ठेचाळीस तासांत, अंतरिम अहवाल पन्नास दिवसांत, सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत. जखमी माणसाने वकिलाचा उंबरठा झिजविण्यापूर्वीच त्याचे प्रकरण न्यायाधिकरणाच्या टेबलावर पोहोचावे, अशी ही कल्पना. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कामासाठी पोलीस ठाण्यांत, निदान शहरपातळीवर तरी, खास पथके उभारण्याचे आदेश राज्यांना दिले. परंतु मिरवणुकीचा बंदोबस्त, चोरीचा तपास आणि मंत्र्यांचा दौरा यांतून उरलेल्या वेळात तालुक्याच्या ठाण्यातील हवालदाराने वाहनाचा परवाना, विम्याची पॉलिसी, इस्पितळाचे कागद आणि जखमीच्या उत्पन्नाचे पुरावे नव्वद दिवसांत जमवावेत, ही अपेक्षा पुरी व्हायची तर त्याला माणसे द्यावी लागतात. राज्याचे कर्तव्य वेळेवर पार पडो न पडो, जखमीचे कर्तव्य मात्र सहा महिन्यांत पार पडलेच पाहिजे, ही वाटणी न्याय्य नव्हे. या मुदतीच्या वैधतेलाच आव्हान देण्यात आले असून, त्याचा निर्णय होईपर्यंत केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. हा दिलासा अंतरिमच आहे. त्याच्या भरवशावर कोणी स्वस्थ बसू नये.

दावा वेळेत लागला म्हणजे सारे झाले असेही नाही. जखमेचे मोल ठरविण्याची रीत समजून घेतल्यावाचून पुढचा अर्धा लढा हरला जातो. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका महत्त्वाच्या निवाड्यात अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईची हानी या दोन भिन्न गोष्टी असल्याचे स्पष्ट केले. त्यासाठी दिलेले उदाहरण कारकुनी करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. डावा हात तुटला तर अपंगत्व सुमारे साठ टक्के धरले जाईल. तो माणूस सुतार किंवा वाहनचालक असेल तर त्याची कमाई जवळजवळ संपूर्ण बुडते. सरकारी कार्यालयातील कारकून असेल तर त्याची नोकरी कदाचित तशीच टिकेल. हात तोच, टक्के तेच, नुकसान मात्र निराळे.

आकड्यांत मांडून पाहिले म्हणजे हा भेद किती मोठा आहे ते कळते. महिना पंधरा हजार मिळविणारा बत्तीस वर्षांचा सुतार घेतला, तर त्याचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपये. स्वतःचा धंदा करणाऱ्या चाळीस वर्षांखालील माणसाच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी चाळीस टक्के मिळवावेत, असे २०१७ मध्ये घटनापीठाने ठरविले आहे. बेरीज २ लाख ५२ हजार होते. या वयाला २००९ च्या निवाड्यातील तक्त्याप्रमाणे गुणक सोळा. गुणाकार ४० लाख ३२ हजारांवर जातो. न्यायाधिकरणाने केवळ प्रमाणपत्रातील साठ टक्के उचलले, तर सुताराच्या पदरी २४ लाख १९ हजार २०० रुपये पडतील. एका हाताने रंधा मारता येत नाही, ही गोष्ट पुराव्यानिशी मांडली न गेल्याची किंमत सोळा लाखांहून अधिक आहे.

कारकुनाचे नुकसान नेहमी थोडेच असते, असा अर्थ यातून कोणी काढू नये. टंकलेखन आणि संगणकावर नोंदी करणाऱ्या वीस वर्षांच्या एका तरुणाने अपघातात उजवा हात गमावला. त्या हाताचे अपंगत्व ८९ टक्के होते. उच्च न्यायालयाने कमाईची हानी ४५ टक्क्यांवर आणली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ६५ टक्के धरली आणि भावी वाढीचा लाभ जखमीलाही मिळाला पाहिजे, असे निक्षून सांगितले. त्याच वर्षीचा दुसरा निवाडा अधिक हृदयद्रावक आहे. २००७ मध्ये बारा वर्षांच्या मुलीच्या मेंदूला इतकी इजा झाली की तिला आयुष्यभर दुसऱ्याच्या आधाराने जगणे भाग पडले. न्यायाधिकरणाने सुमारे अकरा लाख दिले, उच्च न्यायालयाने ती रक्कम पंचवीस लाखांवर नेली आणि सर्वोच्च न्यायालयाने अखेर ६२ लाख २७ हजार मंजूर केले. अहोरात्र सांभाळ करण्यासाठी दोन माणसे लागतात, हा हिशेब तेथे प्रथम नीट मांडला गेला. त्याला तेरा वर्षे लागली.

म्हणून पुरावा पहिल्या दिवसापासून जपला पाहिजे. इस्पितळात दाखल होतानाची पोलिसी नोंद, सुटीचे कार्ड, औषधांच्या पावत्या, तपासणीसाठी केलेल्या प्रवासाची भाडी, पगाराचा दाखला, खर्ची पडलेल्या रजेचा तपशील, यांतला एकही कागद क्षुल्लक नाही. प्रमाणपत्र शक्यतो उपचार करणाऱ्या डॉक्टरांचेच घ्यावे. रुग्णाला हातही न लावता तयार दाखले देणाऱ्यांविषयी न्यायालयानेच २०१० च्या त्या निवाड्यात सावध केले आहे.

तडजोडीच्या वाटेवर जरा थबकावे लागते. चालकाचा दोष सिद्ध न करता गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये देण्याची तरतूद आता कलम १६४ मध्ये आहे. १९८२ साली कायमच्या अपंगत्वासाठी अशा प्रकारे साडेसात हजार मिळत, हे आठवले म्हणजे ही प्रगतीच म्हटली पाहिजे. परंतु ठरलेल्या पद्धतीने ही रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा मोठा दावा संपुष्टात येतो. वरच्या उदाहरणातील सुताराने कर्जदारांच्या तगाद्याला कंटाळून अडीच लाखांवर सही केली तर काय होईल, याचे गणित मांडावयास नको. लोकअदालतीतही तसेच. तेथील निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. प्रकरण लवकर मिटते हा तिचा गुण. दमलेल्या माणसाला ‘मिळते ते घ्या’ असा सल्ला चोहोबाजूंनी मिळतो, हा तिचा दोष.

सल्ला हवाच असेल तर तो विमा कंपनीच्या तपासनिसाकडून घेण्याची गरज नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, अपंग व्यक्ती, अनुसूचित जातीजमातींतील माणसे आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्याच आवारात असते. साधा अर्ज तेथे द्यावयाचा असतो. जखमीला उठता येत नसेल तर घरातील दुसऱ्या कोणी चौकशीला जावे, पण ते पट्टी सुटण्याची वाट न पाहता जावे.