एक जूनला जन्मलेली माणसं

घाटकोपरच्या एका मराठी शाळेच्या कार्यालयात मी निवृत्तीपर्यंत लेखनिक होते. जनरल रजिस्टर माझ्या ताब्यात असायचं. शेवटच्या काही वर्षांत जुना दाखला मागायला परदेशी शिकायला निघालेल्या मुलांपेक्षा साठी-सत्तरीची माणसंच जास्त येऊ लागली. मुलगी न्यू जर्सीत नागरिक झालेली, तिने आईबाबांना कायमचं बोलावून घ्यायला अर्ज केलेला, आणि आईबाबा स्वतःच्याच पहिलीच्या नोंदीपुढे घाबरून उभे.

त्या नोंदी मी जवळून पाहिल्या आहेत. जुन्या रजिस्टरचं पान उघडलं की जन्मतारखेच्या रकान्यात एक जून, एक जून, पुन्हा एक जून. शाळा जूनमध्ये उघडायची. गावाहून आलेल्या बापाला तारीख ठाऊक नसायची. ‘शिमग्यानंतर झाली’, ‘भात लावणीच्या वेळचा आहे’ एवढंच तो सांगायचा. गुरुजी वयात बसेल असं साल धरायचे आणि एक जून टाकायचे. त्यात कुणाची लबाडी नव्हती. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९चा, तो लागू झाला १ एप्रिल १९७० पासून. त्याआधी जन्मलेल्या कित्येकांकडे जन्मदाखलाच नाही, शाळेचा दाखला हाच त्यांचा जन्माचा पुरावा.

बायकांचं तर नावच बदललेलं. लग्नात ताटातल्या तांदळांत नवऱ्याने अंगठीने लिहिलं तेच पुढे रेशनकार्डावर आणि पासपोर्टावर गेलं. वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं आलं, आडनाव बदललं. माहेरची सुमन सासरी मानसी झाली ती अशी.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीतल्या एका वहिनींचं हेच झालं. मुलीने रात्री फोनवर विचारून विचारून त्यांचा डीएस-२६० हा अमेरिकी व्हिसाचा अर्ज भरला. ‘आणखी कोणतं नाव वापरलं आहे का?’ या प्रश्नाला वहिनी चटकन नाही म्हणाल्या. चाळीस वर्षं ज्या नावाने कुणी हाक मारली नाही ते आठवणार कसं? अर्ज गेला. मग कपाटातून दाखला काढला तर त्यावर माहेरचं नाव. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा डोळे सुजले होते. ‘ताई, मी खोटं बोलले असं धरतील का हो? माझ्यामुळे लेकीला त्रास होईल का?’

ही भीती वेडगळ नाही. अमेरिकेच्या कायद्यात खोट्या माहितीबद्दल कायमची बंदी आहे. ती माफ करून घेण्याची सोय आहे, पण त्यासाठी अर्जदाराचा नवरा, बायको किंवा आईवडील यांपैकी कुणीतरी तिथला नागरिक वा ग्रीन कार्डधारक असावा लागतो. मुलगी नागरिक आहे, एवढं तिथे पुरत नाही. म्हणजे लेकीच्या अर्जावर जाणाऱ्या आईबापांना ही बंदी लागली तर बहुतेकदा वाटच बंद. पण ती लागते कुणाला? ज्याने मुद्दाम, जाणूनबुजून खोटं सांगितलं आणि ते खोटं व्हिसाच्या निर्णयावर परिणाम करण्यासारखं होतं, त्याला. विसरून, गोंधळून, प्रश्न नीट न कळल्याने झालेली चूक त्यात बसत नाही.

याबाबत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८८ सालचा एक निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. लिथुआनियातून गेलेल्या युओझास कुंगीस या माणसाने आपली जन्मतारीख आणि जन्मगाव चुकीचं सांगितलं होतं. त्याच्यावर महायुद्धातल्या हत्याकांडाचे गंभीर आरोप होते, सरकारला त्याचं नागरिकत्व काढून घ्यायचं होतं. तरी न्यायालयाने विचारलं, या चुकीच्या माहितीने निर्णय फिरण्याची शक्यता होती का? नुसत्या जन्मतारखेच्या आणि गावाच्या बाबतीत तसं सिद्ध झालं नाही, असा निष्कर्ष निघाला. इतक्या गंभीर प्रकरणातही ही कसोटी लावली गेली, हे मी एक जूनवाल्यांना आवर्जून सांगते.

वहिनींना मी म्हटलं, अर्जावरची खरी सही अजून व्हायची आहे. मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी कॉन्सुलेटमध्ये मुलाखतीला शपथ घ्यायला लावतात. त्याआधी चूक आपणहून सांगितली की अधिकारी तिथेच दुरुस्त करू शकतो. लग्नाचं प्रमाणपत्र आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा. एखादा कागद कमी पडला तर ते अर्ज थांबवतात आणि तो आणायला वर्षभराची मुदत देतात. तेवढ्या काळात वेबसाइटवर ‘नाकारला’ असा शेरा दिसतो, तो बघून अनेक घरांत रडारड होते. तो शेवटचा निकाल नसतो.

माझा जीव घाबरतो तो दुसऱ्याच कारणाने. अशा घाबरलेल्या माणसाला कुणीतरी एजंट भेटतो आणि म्हणतो, ‘काळजी नको, पासपोर्टाशी जुळेल असा दाखला काढून देतो.’ शाळेत माझ्यापुढेही लोकांनी हात जोडले आहेत, ‘बाई, एवढी तारीख बदला ना.’ रजिस्टरमधली नोंद अशी खाडाखोड करून बदलत नाही, शाळा सोडल्यानंतर तर नाहीच. उघड चूक असेल तर तिला शिक्षण खात्याच्या परवानगीची रीतसर वाट आहे. जुळवलेला कागद हातात घेतला की जी चूक भोळी होती ती मुद्दाम केलेली होते. न जुळणारे दोन खरे कागद आणि खाली दोन ओळींचा खुलासा, यात काही कमीपणा नाही.

तसेच पत्ते. डीएस-२६० मध्ये सोळाव्या वर्षापासूनचे सगळे पत्ते लागतात. अंधेरी-बोरिवलीकडच्या माणसाचं आयुष्य आठवून बघा. चाळीतली खोली, मग दिराकडे, मग पागडीची जागा, मग पुनर्विकासात तीन वर्षं भाड्याने, आणि परत आल्यावर इमारतीचं नावच बदललेलं. महिना आठवला नाही तर अंदाजे लिहावा. एखादं वर्ष राहून गेलं म्हणून कुणी कायमचं अडवत नाही.

आणखी एक चूक वारंवार दिसते. आईवडिलांना अमेरिकेत बोलावण्यासाठी मुलगा दोघांचा मिळून एकच आय-१३० अर्ज भरतो. आईचा वेगळा, वडिलांचा वेगळा असे दोन लागतात, नाहीतर आई मागे राहते. फसवणुकीचा आरोप यात नाही, पण महिने जातात.

इतर देशांची तऱ्हा निराळी. ब्रिटनमध्ये फसवणुकीमुळे दहा वर्षांपर्यंत अर्ज नाकारले जाऊ शकतात, मात्र ‘खोटं’ म्हणायला अप्रामाणिकपणा हवा, असं तिथल्या अपील न्यायालयाने २०१० साली ठरवलं. कॅनडात बंदी पाच वर्षांची आणि ‘चुकून झालं’ याला तिथे फार कमी जागा. कायमचं जाताना घरच्यांपैकी कुणाचं नाव सांगायचं राहिलं, तर पुढे त्या व्यक्तीला कुटुंब म्हणून बोलावणं अडू शकतं, असा तिथला नियम आहे. म्हणून टोरंटोला निघालेल्यांना मी घटस्फोटित बायकोकडे राहणारं मूलही आधी लिहायला लावते.

आणि पूर्वी कधी व्हिसा नाकारला गेला असेल, वीस वर्षांपूर्वीचा, आता जुना पासपोर्टही सापडत नसलेला, तरी तो लिहायचाच. व्हिसा देणाऱ्यांकडे त्याची नोंद असते. तारीख आठवत नसेल तर साल लिहा, साल नक्की नसेल तर अंदाजे आहे असं लिहा. फक्त त्या रकान्यात ‘नाही’ लिहू नका.