मेलानोमा आणि ‘जेनेटिक टेस्ट’: निकाल हातात आल्यावर करायचं काय?

आजचा विषय मेलानोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींत सुरू होणारा कॅन्सर. “तो गोऱ्या लोकांचा आजार,” असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. आपल्यात तो कमी आढळतो, हे खरं. पण सावळ्या त्वचेत होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो, जिथे उन्हाचा फारसा संबंधच नसतो. गायक बॉब मार्ले १९८१ साली, अवघ्या ३६ व्या वर्षी गेला तो यानेच. सुरुवात पायाच्या नखाखाली झाली होती.

समजा, घरात कुणाचा तरी तीळ काढला, बायोप्सीत मेलानोमा निघाला, ऑपरेशन झालं. मग सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न: परत उलटेल का? अमेरिकेत याच टप्प्यावर “जेनेटिक टेस्ट करू या” असं कानावर येतं. गोंधळ इथेच सुरू होतो, कारण या एका नावाखाली तीन वेगळ्या तपासण्या येतात.

एक रक्ताची किंवा लाळेची. तिच्यात सीडीकेएन२ए सारख्या, आईवडिलांकडून आलेल्या जनुकांतला दोष शोधतात. तिचा संबंध भावंडांशी, मुलांशी. दुसरी, काढलेल्या गाठीत बीआरएएफ सारखा बदल आहे का ते पाहते. तिच्यावरून औषध ठरतं. आणि तिसरी, उलटण्याचा धोका सांगणारी. गाठीतली ठरावीक जनुकं किती सक्रिय आहेत ते मोजून ती रुग्णाला कमी किंवा जास्त धोक्याच्या गटात टाकते. ‘डिसिजनडीएक्स-मेलानोमा’ ही त्यातली बरीच वापरली जाणारी टेस्ट, ३१ जनुकांची. तिचा निकाल वाईट आला म्हणजे मुलीलाही धोका, असा अर्थ अजिबात होत नाही.

मी डॉक्टर नाही. आयटीत काम करते, अंदाज वर्तवणारी सॉफ्टवेअरं किती खरी ठरतात ते तपासणं हा रोजचा धंदा. म्हणून या तिसऱ्या टेस्टचे आकडे बघितले. २०२० साली ‘जामा डर्मॅटॉलॉजी’मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेलं विश्लेषण आलं. पहिल्या स्टेजच्या ज्या रुग्णांना आजार उलटला, त्यांच्यातल्या फक्त २९ टक्के लोकांना या टेस्टने ‘हाय रिस्क’ म्हटलं होतं. म्हणजे दहातल्या सात जणांच्या हातात ‘लो रिस्क’चा कागद होता! दुसऱ्या स्टेजला चित्र पालटतं. तिथे उलटलेल्यांपैकी ८२ टक्के तिने ओळखले, पण ज्यांना काहीच झालं नाही अशा निम्म्याहून अधिक लोकांनाही घाबरवून सोडलं. शिवाय हे अभ्यास मुख्यतः गोऱ्या रुग्णांचे. तळपायाच्या मेलानोमाला ते कितपत लागू करायचे, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

धोक्याचा अंदाज द्यायला जुन्या गोष्टी आहेतच: गाठीची मिलिमीटरमधली जाडी (हिला ब्रेस्लो जाडी म्हणतात), वरची त्वचा फुटून व्रण झालाय का, आणि सेंटिनल नोड बायोप्सी, म्हणजे कॅन्सर पसरलाच तर ज्या लसिका ग्रंथीत आधी पोचेल तीच काढून तपासणं. जाडी एक मिलिमीटरच्या वर असेल तर ही बायोप्सी सहसा सुचवतात.

म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, “या निकालावरून आपण नेमकं काय वेगळं करणार?” जाडी ०.८ ते १ मिलिमीटरच्या काठावर आहे आणि नोड काढायचा की नाही ते ठरत नाहीये, असं उत्तर आलं तर विचार करण्यासारखं आहे. “माहिती असलेली बरी” एवढंच असेल, तर मी करणार नाही. ‘हाय रिस्क’ हे दोन शब्द घरात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतात. त्यापेक्षा बायोप्सीच्या स्लाइड दुसऱ्या डर्मॅटोपॅथॉलॉजिस्टला दाखवणं मला जास्त मोलाचं वाटतं, कारण मेलानोमाच्या निदानातच तज्ज्ञांचे मतभेद होतात.

राहिला इन्शुरन्स. करायचीच असेल तर टेस्टला मंजुरी आधी घ्या, बिल आल्यावर भांडणं अवघड जातं. आणि डॉक्टरांनी भावंडांना रक्ताची टेस्ट सुचवली, तर एक गोष्ट लक्षात असू द्या. २००८ चा ‘जिना’ कायदा हेल्थ इन्शुरन्स आणि नोकरीत जनुकांवरून भेदभाव करू देत नाही, पण लाइफ इन्शुरन्स त्यात येत नाही. पॉलिसी काढायची राहिली असेल, तर त्याबद्दल टेस्टच्या आधीच एजंटशी बोलून घ्या.