तरुणांचे उपक्रम : अल्प अनुदान आणि अनुभवाची साथ

मुंबईतील घोडपदेव हा गिरणी व गोदी कामगारांच्या श्रमांवर उभा राहिलेला परिसर होय. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे क्रमाने थंडावत गेले आणि अशा वस्त्यांतील तरुण पिढीपुढे उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला. तथापि, चाळीतील एखाद्या खोलीत अभ्यासिका चालवावी, शाळा सुटलेल्या मुलांना पुन्हा वर्गात आणावे, ही उमेद कामगार वस्त्यांतून नाहीशी झालेली नाही. दलित समाजातील तरुणांजवळ ही उमेद असते. पाठीशी पैसा व ओळखी मात्र क्वचितच असतात. ही उणीव अल्प अनुदान आणि अनुभवी व्यक्तीचे मार्गदर्शन यांच्या जोडीने भरून निघू शकते.

परळचा वारसा

या विचाराचे ठळक उदाहरण घोडपदेवपासून जवळच, परळमध्ये घडले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी पुस्तके पुरविली आणि पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत नेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ पाक्षिक निघाले, तेव्हा आंबेडकर अवघे २८ वर्षांचे होते. त्या कार्यास छत्रपती शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य केले. मदत देणाऱ्यांनी कार्याची दिशा मात्र त्यांच्याच हाती ठेवली. पुढे १९२४ साली परळच्या दामोदर हॉलमधील सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेचा पाया घातला गेला.

समाजाचा वाटा

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा अनुभवही उद्बोधक आहे. बुकर टी. वॉशिंग्टन यांचे मार्गदर्शन आणि ज्यूलियस रोझेनवाल्ड यांचे अनुदान यांतून १९१२ ते १९३२ या काळात दक्षिणेकडील राज्यांत सुमारे ५,००० शालेय इमारती उभ्या राहिल्या. स्थानिक कृष्णवर्णीय समाजाने रोख रक्कम, जमीन वा श्रम यांच्या रूपाने आपला वाटा उचलावा, अशी त्यात अट होती. त्यामुळे शाळा ही उपकाराची वस्तू न राहता समाजाची स्वतःची मालमत्ता ठरली.

मार्गदर्शकाचे कार्य

मुंबईत ‘पुकार’ या संस्थेने २००५ पासून युवा शिष्यवृत्तीचा उपक्रम राबविला. तरुणांचे गट आपल्याच परिसरातील विषय निवडून वर्षभर त्याचा अभ्यास करीत व त्यांना संशोधनाचे प्रशिक्षण मिळे. विषय तरुणांचा आणि शिस्त मार्गदर्शकाची, ही विभागणी ध्यानात घेण्याजोगी आहे. कामाचा आराखडा तपासणे, जमाखर्च लिहावयास शिकविणे, संबंधित कार्यालयाची वाट दाखविणे आणि अपयश आल्यास धीर देणे, ही मार्गदर्शकाची कामे होत. निर्णय त्याने स्वतः घेऊ लागताच तरुणांचे नेतृत्व संपते.

नोंदणीचा अडसर

अनेक चांगले उपक्रम निधीअभावी नव्हे, तर कागदपत्रांअभावी थांबतात. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यांखालील नोंदणी, वार्षिक हिशेब तपासणी, विश्वस्त बदलल्यास ९० दिवसांत बदल अर्ज, हे सर्व पाच-सहा तरुणांच्या नवख्या गटाला जड जाते. अशा वेळी परिसरातील नोंदणीकृत ग्रंथालय, शिक्षणसंस्था वा मंडळ यांनी निधीची जबाबदारी स्वीकारावी, खर्चाची पावती जपावी आणि काम गटाच्या नावे चालू द्यावे. रक्कम एकदम न देता हप्त्यांनी दिल्यास हिशेबाची सवय लागते. पहिला हप्ता वेळेवर मिळणे मात्र अगत्याचे आहे. वर्ष सरता सरता आलेले अनुदान घाईने खर्च होते आणि उपक्रम बाजूला राहतो.

ग्रामीण भागात

ग्रामपंचायतींना स्वउत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावी लागते. नियमांच्या चौकटीत या निधीचा विनियोग ठरविताना वस्तीतील तरुणांना विचारात घेतल्यास पैसा व गरज यांची सांगड बसेल. शिक्षकांनी राष्ट्रीय सेवा योजनेतून पुढे आलेल्या माजी विद्यार्थ्यांशी संपर्क राखावा. अधिकाऱ्यांनी मोठी आकडेवारी मागण्यापूर्वी अभ्यासिकेत सायंकाळी किती मुले बसतात, एवढे पाहून यावे. केवळ पैसा हाती दिला, तर तो संपतो. केवळ उपदेश केला, तर तो विरतो. दोन्ही वेळेवर मिळाली, तर वस्तीतील तरुण वस्तीचाच आधार बनतो.