जॉबरच्या पुढची पायरी
जे. आर. डी. टाटांनी १९५६ साली ‘टाटा अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह सर्व्हिस’ सुरू केली. निवडक तरुणांना समूहातल्या वेगवेगळ्या कंपन्यांत फिरवून, कामे सोपवून उद्याचे अधिकारी घडवायचे, ही तिची रीत. १९६६ मध्ये पुण्यात समूहाचे व्यवस्थापन प्रशिक्षण केंद्रही निघाले.

भिवंडीच्या यंत्रमागांकडे पाहताना मला प्रश्न पडतो तो निवडीचा. इथला जॉबर माग दुरुस्त करतो, कारागिरांना सांभाळतो, बंद पडलेले काम मार्गी लावतो. नेतृत्वाचा निम्मा अभ्यास त्याने मागापाशीच केलेला असतो. सूतखरेदी, हिशेब, व्यापाऱ्यांशी बोलणी यांपाशी मात्र त्याला सहसा कुणी नेत नाही. वरच्या कामाचा एखादा भाग सोपवून, चुकले तर पाठीशी राहणे, हेच खरे प्रशिक्षण. निवडीची शिडी पदवीपासूनच सुरू झाली, तर जॉबर जन्मभर जॉबरच राहणार.