रिकामी जागा, भरलेला रस्ता

पुण्याच्या रविवार पेठेत किंवा लक्ष्मी रस्त्यावर दुकाने उघडल्यानंतर मोटार उभी करावयास जागा मिळणे हे भाग्याचे लक्षण समजले जाते. त्याच वेळी बिबवेवाडीतील गृहसंस्थांच्या तळमजल्यावर कितीतरी जागा ओस असतात, कारण मालक पेढीवर गेलेले असतात. आणि शेजारच्या मार्केट यार्डात आलेला ग्राहक मात्र गाडी घेऊन फेऱ्या मारीत राहतो. रात्री पेढीचे आवार रिकामे आणि सोसायटीत दुसऱ्या मोटारीवरून भांडण! एका मोटारीस अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट जागा लागते. आजच्या भावाने हे पडून राहिलेले भांडवलच होय.

तथापि जागा दुसऱ्यास देण्यापूर्वी ती कोणाची, हे पाहिले पाहिजे. ‘आमचे पार्किंग’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले, की इमारतीखालील स्टिल्ट पार्किंग हा सामाईक भाग आहे. बिल्डरला ते स्वतंत्रपणे विकता येत नाही. संस्थेने वाटप केलेली जागा सभासदास परस्पर विकता वा हस्तांतरित करता येत नाही. म्हणून दिवसापुरती सोय करावयाची असली तरी समितीची लेखी संमती, वाहनाचा क्रमांक, वेळ आणि मुदत यांची नोंद आवश्यक. तोंडी शब्दावर लाखोंचा व्यवहार करणाऱ्यांनाही येथे कागद हवा, कारण शब्द देणारा एक आणि जागेचे हक्कदार अनेक असतात.

भाडे घ्यावयाचे असल्यास ते वहीत दिसले पाहिजे. संस्थेने सभासदांकडून सभासदांसाठी घेतलेल्या रकमेस परस्परतेच्या तत्त्वाचा लाभ मिळतो. बाहेरच्या वाहनधारकाकडून आलेले भाडे मात्र करपात्र उत्पन्न ठरते. रोखीने घेऊन गप्प बसणे हा हिशेब अचौर्य व्रताच्या कोणत्या खात्यात मांडावयाचा?

श्रावकाच्या परिग्रह-परिमाणात क्षेत्र आणि वास्तू यांचीही मर्यादा येते. तरी स्वतःची गाडी नसतानाही जागेस साखळी लावून ठेवणारी घरे आपल्यात आहेत. श्वेतांबरांचे आठ दिवसांचे पर्युषण आणि दिगंबरांचे दहा दिवसांचे दशलक्षण लागोपाठ येतात. त्यातच गणेशोत्सवामुळे रस्ते बंद होतात. प्रवचनाची वेळ सकाळची, दुकान उघडण्यापूर्वीची. त्या दोन तासांसाठी पेठेतील व्यापाऱ्यांनी आपली आवारे मोकळी केली, तर वयोवृद्धांना स्थानकाच्या दारापाशी उतरता येईल. यासाठी ना भाडे लागते, ना ठराव. दुकानाचा गडी फाटकाशी उभा केला की पुरे. पेठेतल्या बोळात दुतर्फा गाड्या लागल्यास अग्निशामक बंब आत शिरू शकत नाही, आणि त्या बोळांतच आपली कापडाची, कागदाची गोदामे आहेत.